खाली शुभेच्छुक

प्रेमानंद अंभोरे कोणताही फ्लेक्स खालून वर वाचतो. वर कोणाचा फोटो आहे आणि कशाबद्दल हात जोडलेत, ही त्याच्या मते वाचायची गोष्टच नव्हे. वाढदिवस असेल, नाहीतर निवड असेल, तिसरं काय असणार? खरी बातमी खालच्या पट्टीत असते. शुभेच्छुक कोण, कोणाचं नाव आधी, कोणाचा फोटो सुपारीएवढा आणि कोणाचा पापडाएवढा, मागच्या वेळी होता तो या वेळी कुठे गळाला. जानेफळात पुढे कोण कोणाशी बोलणं सोडणार, हे त्याला त्या पट्टीवरून आधीच कळतं. कळणारच, पट्टी तोच जुळवतो.

बस स्टँडला लागून त्याचं दुकान आहे, संबोधी ग्राफिक्स. डिझाइन इथे होतं, छपाई मेहकरला होते, आणि गुंडाळी संध्याकाळच्या बसने येते. दुकानात एक कॉम्प्युटर आहे आणि एक फिरती खुर्ची आहे, पण खुर्ची जवळजवळ कोरी, कारण प्रेमानंदला बसवत नाही. एक ओळ टाइप करायची, उठायचं, दाराशी जाऊन मेहकरकडची गाडी आली का पाहायचं, परत यायचं, वाकून दुसरी ओळ टाइप करायची. लहानपणी मास्तर म्हणायचे, याच्या चड्डीत मुंग्या आहेत. मुंग्या वयाबरोबर वाढल्या.

नवं डिझाइन करत कोण बसणार? जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचं, फोटो बदलायचा आणि पाठवायची. धंद्यातले सगळेच असं करतात. फरक एवढाच, की बाकीचे शेवटच्या ओळीपर्यंत बदलतात. प्रेमानंद शेवटच्या ओळीच्या आधी दाराशी गेलेला असतो. माजी सरपंच उत्तमरावांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात 'दशक्रिया विधी सकाळी नऊ वाजता' तसंच राहून गेलं होतं. उत्तमराव दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला दुकानात हजर झाले, स्वतःच्या पायांनी. म्हणाले, "मी आलो बे. बाकीचे पाव्हणे कुठं हायेत?"

तर असा हा प्रेमानंद. त्याची धाकटी बहीण धम्मशीला मेडिकलला लागली. कॉलेज कोणतं ते राहू द्या, जानेफळहून एका बसने जाता येतं एवढं पुरे. यादीत नाव लागलं त्याच दिवशी प्रेमानंदने फ्लेक्स केला. निळी जमीन, वरच्या कोपऱ्यांत बुद्ध आणि बाबासाहेब, मधे शीलाचा बारावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो, आणि नाव: डॉ. धम्मशीला दयाराम अंभोरे. गावात अशा वेळी 'डॉक्टर व्हायला निघाली' असं कोणी छापत नाही. डॉ. छापतात आणि मोकळे होतात. त्याचं काही नाही. पण फाइल होती चिखलीच्या एका दवाखान्याच्या उद्घाटनाची, आणि नावाखालची बारीक पिवळी ओळ जशीच्या तशी राहिली: हृदयरोग तज्ज्ञ.

फ्लेक्स स्टँडवर चढला तेव्हा चहावाल्या हिंमतरावांनी मोठ्याने वाचला.

"काय बे प्रेमानंद, बहीण अजून कॉलेजात गेली नाई, आन् दिलाची डॉक्टर कवा झाली?"

प्रेमानंदने कपाळावर हात मारला. जमलेल्या मंडळींनीच त्याची समजूत काढली. राहू दे, पुढं होणारच हाये, तवा पुन्हा छापाले नोको. शीलाही पोट धरून हसली. फ्लेक्सखाली उभी राहून तिने फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. नंतर वाऱ्याने एक बाजू फाटली, आणि हिंमतरावांनी तो फ्लेक्स टपरीवर ताडपत्री म्हणून ओढून घेतला, छापलेली बाजू खाली करून. त्यामुळे बाकावर बसून चहाचा शेवटचा घोट घ्यायला मान वर केली, की छतातून शीला हसताना दिसायची. गावाला त्याचं काहीच वाटेनासं झालं.

दुसऱ्या वर्षाला असताना शीला एकदा अचानक आली. सुट्टी नाही, सण नाही, मधल्याच वारी. बसमधून उतरली तशी हिंमतरावांनी हाक दिली, "या डॉक्टरीनबाई, च्या घ्या, तुमच्याच सावलीत." शीलाने वर पाहिलं. छतातल्या स्वतःकडे पाहिलं आणि चहा न घेता सरळ घराकडे चालू लागली. हिंमतराव ग्लास हातात धरून उभेच राहिले.

घरी ती जेवली नाही. पांढरा एप्रन धुतला, वाळत घातला, वाळायच्या आत काढून पुन्हा धुतला. आईने विचारलं तर म्हणाली, डाग हाये. डाग कोणाला दिसला नाही. संध्याकाळी ती दुकानात आली आणि प्रेमानंद कधी बसत नाही त्या खुर्चीत बसली. प्रेमानंद माउसशी चाळा करत उभा.

"काय व, परीक्षा झाली?"

"नाई."

"मंग काऊन आली?"

"दादा, मले वॉर्डात जायची मनाई केली."

प्रेमानंद दाराशी गेला. या वेळी गाडी पाहायला नाही. परत आला आणि म्हणाला, "सांग."

तिने सांगितलं ते असं. तिचं स्टेटस कोणीतरी उचललं होतं. पहिल्याच आठवड्यात ऋत्विक नावाच्या सीनियरने त्याची रंगीत प्रिंट काढून मेसच्या दारावर चिकटवली. तेव्हापासून तिचं नाव 'कार्डिओलॉजिस्ट मॅडम'. जेवायच्या आधी तिने वॉटर कूलरला स्टेथोस्कोप लावायचा आणि मोठ्याने सांगायचं, ठोके नियमित आहेत. कधी कूलर, कधी खुर्ची, कधी वॉचमनची सायकल. सुरुवातीला तीही हसायची. तिला वाटायचं, विनोद आहे, शिळा होईल. तो शिळा झाला नाही, कारण हसणारे पिवळ्या ओळीला हसतच नव्हते. कोणीतरी दारावरच्या प्रिंटवर बोट ठेवायचं, ते नेमकं निळ्या कोपऱ्यावर. "मॅडम, हा विभाग कोणता? या विभागातून किती मार्कांवर तज्ज्ञ होतात?" पिवळ्या ओळीवर हसायला कोणाची ना नव्हती, म्हणून निळ्यावरचं हसणं तिच्याखाली सरकवून ठेवलेलं होतं.

"मंग सरले सांगाचं ना."

"सांगणारच होती. वॉर्ड सुरू झाले का युनिटच्या सरले सांगू, असं ठरवलं होतं. पह्यल्याच दिवशी सरनं हजेरी घेतली. म्हणे, अंभोरे कोण? अच्छा, त्या हृदयरोग तज्ज्ञ. सगळा वॉर्ड हसला. आता कोणाले सांगू?"

भिंतीवरच्या नमुन्यांमधला एक वाकडा होता, तो प्रेमानंदने सरळ केला, मग उगाच पुन्हा वाकडा केला.

पुढचं खरं अवघड होतं. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर दुसरबीडच्या कलाबाई होत्या. दम लागायचा, चालवत नव्हतं. राउंडला सर त्यांच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "आजी, तुमचं नशीब थोर. तुमच्यासाठी खास हृदयरोग तज्ज्ञ आणल्यात. ऐका हो मॅडम, आणि सांगा आम्हाला, पुढं काय करायचं ते." सगळे हसले. कलाबाई नाही हसल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शीलाला हात जोडले. सर एवढा मोठा माणूस, तो भर वॉर्डात खोटं कशाला बोलेल?

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीच्या कागदावर अंगठा घ्यायला डॉक्टर आले, तर कलाबाईंनी हात पदराखाली ओढून घेतला. "ते हृदयाची डॉक्टरीन पोरगी म्हनल तवाच अंगठा देईन. मोठ्या सायबानंच सांगतलं काल." समजावलं, दरडावलं, म्हातारी ढिम्म. तपासणीचा नंबर गेला. मग वरून विचारणा झाली, आणि विचारणा झाली की कोणीतरी जबाबदार लागतो. सर तसं बोलल्याचं कोणाला आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की अंभोरे नावाची मुलगी स्वतःला तज्ज्ञ म्हणवते आणि तिच्या गावात तसा फ्लेक्ससुद्धा लागलेला आहे. पुरावा मेसच्या दारावर.

शीलाने मोबाइल पुढे केला. ऋत्विकने मजकूर पाठवला होता: 'मी स्वतःला हृदयरोग तज्ज्ञ म्हणवून रुग्णाची दिशाभूल केली, याबद्दल मी सर्वांची जाहीर माफी मागते.' सोमवारी हा कागद सही करून आणायचा आणि सगळ्या बॅचपुढे वाचायचा. तोपर्यंत वॉर्डात पाय ठेवायचा नाही.

"हा ऋत्विक कोणत्या गावचा?"

"अमडापूरचा."

"हे तं घरचंच निघालं." प्रेमानंद एकदम हुशारला. उभ्याउभ्याच त्याने फाइल उघडली आणि बोटं चालू लागली. 'अमडापूरचे सुपुत्र ऋत्विक यांनी वॉटर कूलरची छाती यशस्वीरीत्या तपासून घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' भगवी किनार, फुलांची माळ, तुतारी. "बाजाराच्या दिवशी लावतो. त्याचा बाप भाजी घ्याले आला का वाचल."

शीलाच्या ओठाचा एक कोपरा हलला आणि परत जागेवर गेला.

"नोको. तुह्या फ्लेक्सनंच सुरू झालं हे. तू त्याच्या गावात एक लावशील, तो माह्या वर्गात दहा लावल."

"मंग त्याले असंच सोडाचं?"

"दादा, ऋत्विकले त्याच्या सीनियरनं मेसमंदी टेबलावर उभं करून 'अमडापूर, अमडापूर' वरडाले लावलं होतं, कंडक्टरवानी. एक वर्षभर. त्यानंच सांगतलं मले. हसत हसत. त्याच वर्षी त्यानं 'मले'चं 'मला' करून टाकलं."

प्रेमानंदने फाइल बंद केली. सेव्ह करू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. नाही म्हणाला. जुनं काहीच न पुसणाऱ्या माणसाने सेव्ह न करता बंद केलेली ती पहिली फाइल असावी.

दोघांचे वडील दयाराम तेवढ्यात डबा घेऊन आले. ते शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. दाराबाहेर उभं राहून त्यांनी बरंच ऐकलं होतं.

"सही कर आन् जाय," ते म्हणाले. "मी जन्मभर हेडमास्तरले 'चुकलं सायेब' म्हणत आलो. चुकलं नसलं तरी म्हणलं. काय झिजलं माहं? तुम्ही दोघं शिकले."

"बाबा, तुमचं 'चुकलं' हवेत गेलं. हे कागदावर राहते. उद्या माह्या हातून खरंच काही झालं, नाई झालं, तरी हे कागद काढतीन. म्हणतीन, हिची जुनीच सवय हाये."

"आन् नाई केली सही तं?"

दयारामांनी डबा टेबलावर ठेवला आणि जाऊन हिंमतरावांच्या बाकावर बसले. चहा मागवला, पण वर पाहिलं नाही.

बाहेर गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि प्रेमानंद एकदाही दाराशी गेला नाही. शेवटी शीला म्हणाली, "टाइप कर. सही करते. कटकट मिटते."

प्रेमानंदने सवयीने एक जुनी फाइल उघडली. फुलं काढली, फोटो काढला, पानाचा आकार बदलला. मोबाइलवर बघत मजकूर उतरवला. त्याची मान खाली होती आणि डोकं भलतीकडे, म्हणून पुढचा प्रश्न त्याने विचार करून विचारला असं म्हणता येणार नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो तसाच विचारला.

"बरं, खाली नावं कोणाकोणाची टाकू?"

"माहंच."

"एकटीचंच?" प्रेमानंद अजूनही स्क्रीनकडेच बघत होता. "एवढा मोठा कार्यक्रम, आन् खाली एकच नाव? असं कुठं असते काय व? वर एक असते, खाली धा असतात. ज्यानं ज्यानं हात लावला त्याचं त्याचं नाव लागते. एखादं राह्यलं तं लोकं दुकानात येऊन भांडतात."

मग त्याने मान वळवली. शीला खुर्चीत ताठ बसली होती. दुपारपासून पहिल्यांदाच ती कुठेतरी नीट बघत होती. खालच्या रिकाम्या पट्टीकडे.

"ऋत्विकचं टाक," ती म्हणाली. "पूर्ण नाव सांगते."

मग मेसमधली दोन. मग प्रिंटवर बोट ठेवणारा. एका मुलीचं नाव टाकायला लावलं, काढायला लावलं, परत टाकायला लावलं. त्या मुलीने कूलरचा व्हिडिओ काढला होता, आणि शीला न जेवता मेसमधून निघून गेली त्या दिवशी पोळ्याही तिनेच रूमवर आणून दिल्या होत्या. "राहू दे तिचं. काढला तं होता." प्रत्येक नावापुढे काय केलं ते एका ओळीत. मग ती थांबली.

"आता सरचं."

प्रेमानंदची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. "सरचं बी?"

"हाव. आन् सगळ्याईच्या वर घे. मोठा फोटो त्याईचाच हाये."

खालची पट्टी भरल्यावर वरचा मजकूर काही केल्या तिच्याशी जुळेना. इतकी नावं खाली आणि वर 'मी माफी मागते', हे प्रेमानंदच्या धंद्याच्या नजरेलाही खटकलं. शीलाने वरचं सगळं पुसायला लावलं. दोघांनी मिळून नवं लिहिलं: मला काय म्हटलं गेलं, कोणासमोर म्हटलं गेलं, रुग्णाने ते खरं का मानलं. 'माफी' हा शब्द कुठे बसवता येतो का, हे तिने दोनदा पाहिलं. बसला नाही.

सोमवारी दोघं पहिल्या बसने गेले. गाडी रिकामी होती, तरी प्रेमानंद दांडा धरून उभा. तक्रारी ऐकणाऱ्या समितीच्या प्रमुख अनुपमा मॅडम दुसऱ्या विभागाच्या होत्या. कमी बोलणाऱ्या, म्हणून मुलं त्यांना टरकून असत. त्यांनी कागद घेतला, चष्मा वर सरकवला आणि वाचत गेल्या. प्रेमानंद दाराच्या चौकटीत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "या नावांच्या वर हे काय लिहिलंय? शुभेच्छुक?"

जुनी फाइल. खालची पट्टी. फुलं काढली, फोटो काढला आणि नेमकं ते ठेवलं.

"मॅडम, ते चुकून राहिलं, जुन्या फाइलमधलं आहे, मी इथंच खोडून देतो," तो पेन शोधत पुढे झाला.

शीलाने त्याच्या आधी कागद हातात घेतला. वाचला. खालची पट्टी, मग वरचं. प्रेमानंदसारखाच, उलटा.

"नाही मॅडम. राहू द्या."

"समितीपुढे मला हे मोठ्याने वाचावं लागेल."

"जसं आहे तसं वाचा."

मॅडम हसल्या नाहीत, पण कागद परत घेताना तो जरा जपून धरला. "यात सरांचं नाव आहे. चौकशी होईल, तुला उलटसुलट विचारतील. सोपं जाणार नाही, हे माहीत आहे ना?"

"हाव," शीला म्हणाली. ते 'हो' असं दुरुस्त करायला तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

मॅडमनी पोच दिली. चौकशी संपेपर्यंत तिला वॉर्डात जाण्यापासून कोणी अडवायचं नाही, असं दोन ओळींत लिहूनही दिलं. त्या दोन ओळी हातात धरून शीला जिना चढली, आणि प्रेमानंद व्हरांड्यातल्या जाळीतून बघत राहिला. ती सरांकडे गेली नाही. आधी खिडकीजवळच्या खाटेपाशी गेली. कलाबाईंनी अजून अंगठा दिला नव्हता.

"आजी, मी तज्ज्ञ नाई. शिकून राह्यली अजून. सायबानं त्या दिवशी चेष्टा केली."

कलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. दम लागत होता, तरी शब्द शोधून काढले.

"चेष्टा? कोणाची व? तुही का माही?"

शीला खाटेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "दोघींची."

"तपासनी तं चेष्टा नाई ना?"

"नाई. ते खरं हाये. ते करा."

"मंग आन म्हना तो कागद."

प्रेमानंद दुपारच्या गाडीने परतला. स्टँडवर उतरला तो थेट हिंमतरावांच्या टपरीवर चढला आणि दोऱ्या सोडू लागला.

"अबे, गळल ना ते," हिंमतराव खालून म्हणाले.

"दुसरा देतो." त्याने दुकानातून उत्तमरावांचा दशक्रियावाला फ्लेक्स आणला आणि तो अंथरला. बाकावरच्या दोघांनी मान वर केली. उत्तमराव छतातून हात जोडून हसत होते. शीलाची गुंडाळी काखेत मारून तो दुकानात गेला. तिचं काय करायचं, हे त्याला सुचलं नव्हतं. उभी केली तर पडायची, आडवी केली तर पायात यायची.

संध्याकाळी शीलाचा फोन आला.

"सरनं हजेरी घेतली. नुसतं 'अंभोरे' म्हणे. पुढं काहीच नाई."

"आन् तो ऋत्विक?"

"समोरच्या टेबलावर होता. ताटाकडं पाहून जेवला. दारावरची प्रिंट कोणी काढली माहीत नाई, चिकटपट्टीचे तुकडे राह्यले. माह्याशी कोणीच बोललं नाई."

"बरं वाटून राह्यलं का?"

"नाई. चौकशीले काय विचारतीन, सकाळपासून तेच डोक्यात. पण कूलरचं पाणी घेतलं. नुसतं पाणी. आन् जेवली."

फोन ठेवल्यावर प्रेमानंद खुर्चीत बसला. थोडा वेळ बसलाही. मग उठला आणि मेहकरकडची गाडी आली का, ते पाहायला दाराशी गेला.